वाचणारी दाढ

गुरुवार, मळवलीहून परतल्यावर

ती दाढ वाचली असती. तरी मीच काढायला लावली.

मळवलीच्या शाळेशी पुण्याच्या आमच्या डेंटल कॉलेजचा करार आहे. शिबिरात आमची मुलं शिकतील, गावाला उपचार मिळतील. आज सुनंदा आली, गावातल्या एका बंगल्यावर कामाला असते, जेमतेम पंचविशीची. माझी इंटर्न श्रेया तिला म्हणाली, "रूट कॅनाल केलं तर दाढ राहील. पण तीन-चारदा यावं लागेल."

"तुमी परत कवा येनार?"

श्रेयानं माझ्याकडे पाहिलं. पुढचं शिबिर दुसऱ्याच गावात. तसं मी सांगितलं.

"मग काढूनच टाका म्याडम. पुण्याला यायला सुट्टी देत न्हाईत. लय दुखतंय."

मी श्रेयाला दाढ काढायची खूण केली. काढलेली दाढ सुनंदानं ओढणीच्या टोकाला बांधली आणि म्हणाली, "लय उपकार झाले." उपकार कसले?

वर्गात मी घसा फोडून सांगते, दात वाचवा. आज काय शिकवलं? ओढणीची ती गाठ डोळ्यांसमोरून हलत नाही.

बसमध्ये श्रेया खुशीत होती. "मॅडम, पुढच्या शिबिरालाही मलाच न्या. इथं दाढा काढायला हात छान बसतो."

मी हो म्हटलं.