शालिकरामकाकांच्या दंडातल्या गाठी

३ फेब्रुवारी
नागपूरला मिहानमधल्या लस बनवणाऱ्या कंपनीत आज रुजू झाले. इतवारीत भांडेगल्लीच्या वर खोली मिळालीय. दिवसभर पितळेचा खणखणाट, पण ऊन छान येतं. काम तर फारच आवडलं. आमची लस कॅन्सरवरची. प्रथिनांचे अतिसूक्ष्म सुटे कण टोचायचे. अंगाच्या उबेत ते आपणहून जुळतात आणि शरीराला कॅन्सरची गाठ ओळखायला शिकवतात. आमचे प्रमुख, डॉ. प्रेमानंद सर, यांनी नळीत दाखवलं. स्वच्छ पाणी बघता बघता दुधाळ झालं. मी टाळ्याच वाजवल्या!

११ फेब्रुवारी
चाचणीतले शालिकरामकाका खापरखेड्याहून आले. जठरात गाठ. लस मीच टोचली. जाताना माझ्या ओंजळीत बोरं ओतून गेले.

४ मार्च
काकांची गाठ अर्धी झाली! ते रडलेच. दंडात मात्र ज्वारीएवढे सात दाणे उठलेत, एका रांगेत. सर म्हणाले, सूज आहे, उतरेल.

७ मार्च
काकांच्या दंडातला एक दाणा तपासायला काढला. मी तो कापला, दोन तुकडे केले. बाटली घेऊन वळले तर बशीत पुन्हा एकच दाणा, अखंड. दचकले, पात्याने बोट कापलं. सरांना सांगितलं. ते हसले.

१२ मार्च
माझ्या उजव्या मनगटात दोन दाणे. सरांनी रक्त घेतलं. रिपोर्ट विचारला की विषय बदलतात.

१७ मार्च
काका तपासणीला आले, शेजारी बसले. माझे दाणे कातडीखालून सरकले, त्यांच्या बाजूला. त्यांचेही माझ्याकडे. काका हात मागे घेत होते, हात येईना.
"दूर हो वं पोरी," म्हणाले, "हे एकमेकाले बलावून राहिले."

१८ मार्च
वर्ध्याला आईकडे निघाले. बसचा दांडा धरला, उजव्या हाताने तो सोडून दिला. तीनदा. खोलीवर परतले. दाणे कोपरापर्यंत. सगळे उत्तरेला, खापरखेड्याकडे.

२० मार्च
काकांच्या घरून पुष्पलताकाकूंचा फोन. काका पहाटेच अनवाणी निघालेत. अडवलं तर थांबत नाहीत, नुसते रडतात. सर फोन उचलत नाहीत.

दुपार
जिन्यावर पावलं —
काकाच. दाराबाहेरून सांगतात, "उघडू नोको वं. मी नाही आलो. पाय आले."
डाव्या हाताने लिहितेय. उजवा दाराकडे ओढतो — खुर्चीसकट —
पलंगाचा पाय धरते तर वही —
काका ओरडतात, नोको, नोको —
माझी बोटं कडीवर. मी नाही, ती —
कडी