मागून घेतलेले पाइप

राणीसरकारांस सप्रेम,

मी खुशाल आहे. जमीन अजून अधूनमधून हलते, म्हणून तंबूत झोपतो. वारा झकास लागतो. आईचा खोकला कसा आहे?

भूकंपाने इथल्या हॉस्पिटलचं पाणी तुटलं. आपल्या सरकारने पंप पाठवले, पण इथले साहेब ते उतरवू देईनात. "दोस्तांपुढे किती हात पसरायचे?" असं ते पुटपुटले, तेव्हा दुभाष्याकडून मी अर्थ काढून घेतला.

म्हटलं, "साहेब, आमचे पाइप कमी पडतायत. तुमचे द्याल?" स्वारी खुलली! स्वतः पाइप घेऊन आली. आमचे मी ताडपत्रीखाली झाकले होते. संध्याकाळी वॉर्डात पाणी आलं.

नव्या शेजारणीला डबा देण्याआधी तू मुद्दाम वाटीभर साखर मागतेस, तोच डाव.

आपले राजदूत म्हणाले, "ही मुत्सद्देगिरी कुठे शिकलात?"

मी आपल्या घराचा पत्ता दिला.

तुझाच,
पंपवाला