कूलरमागचा पत्रा

प्रिय बाबा,

आज तुमचा कूलर खिडकीतून काढला. नवीन गवत भरायचं काम यंदा पहिल्यांदा माह्या हाती आलं, अन् मागे जे सापडलं ते तुम्हाले विचारल्याशिवाय मले चैन पडत नाही. म्हणून लिहून राहिलो.

वर्षभर मी नुसता संशय घेत फिरलो, बाबा. नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांत, रविवारी भर दुपारी, आपल्याच खोलीत, चालू कूलरसमोर माणूस जातेच कसा? डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. घरात बसलेल्या माणसाले ऊन लागते काय? अन् तेही तुम्हाले, खिशात कांदा ठेवल्याशिवाय उंबरा न ओलांडणाऱ्याले! मले वाटलं, डॉक्टर काहीतरी लपवून राहिला.

मग शेजाऱ्यावर डोळा गेला. गाडी लावायले जागा पाहिजे म्हणून त्यानं तुमच्या खिडकीवरचा कडुनिंब तोडला होता. त्याच्याशी मी बोलणंच टाकलं. मग समोरचा सिमेंट रोड. दिवस मावळला तरी तवा तापलेलाच! सारं जग तापून राहिलं म्हणतात, कोळसा जाळून जाळून. जाळणारे कोणी दुसरेच असतील, असं मी म्हणत होतो. आपला काय संबंध?

आज खिडकीमागं हात घातला. कूलरच्या एका बाजूचं गवत पार करपलेलं, बोट लावलं तर भुगा. त्याच बाजूले, दोन हातांवर, माह्या एसीचं बाहेरचं यंत्र. अन् मधात एक पत्रा, तारेनं बांधलेला. दोन वेढे, टोक आत दाबलेलं. उभा जन्म लोकांच्या खिडक्यांत कूलर बसवले तुम्ही, तुमची गाठ मी ओळखणार नाही काय?

म्हणजे तुम्हाले माहीत होतं! माह्या खोलीतली गरमी तुमचा कूलर ओढत होता अन् तुमच्याच तोंडावर फेकत होता. यंत्र तिथं मीच लावायले सांगितलं. पुढून घर खराब दिसते म्हणून! वरून साऱ्यांले सांगत फिरलो की कूलरवाल्याच्या घरात एसी आला, म्हणून बाबा रुसले.

आईले विचारलं, "तुले माहीत होतं काय वं?"

तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "होतं. मी म्हटलं त्याले सांगा. तर म्हणे, राहू दे वं, नातीले झोप लागते त्या एसीत. पत्रा लावतो, भागते."

भागलं काय, बाबा? काहून नाही बोलले मले? लय राग आला तुमचा. त्या दुपारी मी बाजूच्याच खोलीत होतो. एक आवाज द्यायचा होता!

की दिला होता, अन् मले ऐकू नाही आला? माहं दार बंद होतं. एसी चालू होता. आता हाच संशय उरला, अन् तो कोणावर ढकलता येत नाही.

उद्या ते यंत्र उतरवतो. शेजाऱ्याकडं निंबाचं रोप घेऊन जातो, आधी त्याची माफी मागतो. गवत दरवर्षी मीच भरीन. पत्रा मात्र तिथंच राहील. नात मोठी होऊन विचारील, हा कायचा म्हणून, तेव्हा तिले सारं सांगीन. माह्या नावासकट.

दार लावून झोपलेला,
तुमचा विनू