दुखण्याला चार गुण

प्रिय वहिनींना,

साष्टांग नमस्कार (आडवी पडूनच लिहिते आहे, त्यामुळे तो आपोआप घडतो आहे, फक्त तोंड छताकडे आहे). तुमचे गुडघे आणि दादाची साखर ताब्यात असेल अशी आशा करते. मी उत्तम आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्र शेजारीण आणून देईल.

तिनेच परवा मला इस्पितळाच्या तातडीच्या विभागात ओढत नेलं. सकाळपासून जबडा दुखत होता, पाठ भरून आली होती. मी नव्या कवळीला शिव्या देत होते. दारातल्या नर्सने विचारलं, कशा आहात? आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये या प्रश्नाचं एकच उत्तर घोटून घेतलेलं: छान आहे, आभारी आहे. तेच दिलं. मग म्हणाली, दुखणं दहापैकी किती? आता वहिनी, जन्मभर निबंध तपासले, सातच्या वर कुणाला दिले नाहीत. आणि हे दुखणं तर अगदीच विस्कळीत. जबड्यात सुरुवात, पाठीत भरकटतं, दंडात अर्धवट सोडून देतं. चार दिले, तेही उत्तेजनार्थ. तिने मनगटाला हिरवी पट्टी बांधून मला रांगेच्या शेवटी बसवलं. पुढे पाय मुरगळलेला एक दांडगा होता, त्याने स्वतःला दहा दिले होते. दहा! त्याचा पेपर पुन्हा तपासावा असं फार वाटलं.

मला दरदरून घाम फुटलेला बघून एक तरुण डॉक्टरीण थांबली. छातीला वायरी लावल्या, आलेख बघितला आणि म्हणाली, "आजी, हे आधी का नाही सांगितलंत?" म्हटलं, "विचारलंत कुठे? तुम्ही गुण विचारलेत." तिचं म्हणणं, आमच्या वयाच्या बायकांचं हृदयाचं दुखणं पुष्कळदा असंच आडवाटेने येतं, आणि आम्हीच त्याला पित्त म्हणून घरी बसवतो, हीच त्यांची मोठी डोकेदुखी. मी प्राणवायू मागितला (आमच्या ह्यांना आत शिरताक्षणी लावला होता), तर म्हणे रक्तात पुरेसा आहे, वरून देऊन फायदा नाही, असं नव्या अभ्यासांत दिसलंय. घ्या! आता हवासुद्धा पुरावा दाखवल्याशिवाय मिळत नाही. रक्ताच्या तपासणीत मी पास झाले, तरी सोडलं नाही. काही तासांनी फेरपरीक्षा, कारण पहिलीवर विसंबता येत नाही. फेरपरीक्षेत नापास. लहानसाच झटका आहे, बोंबाबोंब नको.

बाकी मजेत आहे. खाट खिडकीशी आहे, चहा पाणचट पण वेळेवर येतो, आणि डॉक्टरीण सवड मिळाली की माझ्याशी भांडायला येते. पोरगी हुशार आहे. अक्षर मात्र भयंकर.

तुमची नणंद

ता. क. दादाला कळवू नका. उगाच धावत येईल.

ता. क. २. उद्या दुपारी हृदयापर्यंत नळी घालून बघणार आहेत. जवळचं कुणी असावं, असं डॉक्टरीण म्हणते. मी म्हटलं, काही गरज नाही. घरच्यांना सकाळपासून बसू देतात (सहज विचारलं).

ता. क. ३. दुखणं आठ होतं. आता तुम्ही फोन करून "येऊ का?" विचाराल आणि मी नको म्हणेन. ते "नको" माझ्या त्या चार गुणांइतकंच खरं धरा, आणि दादालाही आणा.