सांडलेलं ओवो

प्रिय वोके,

शनिवार, ९ मे, दुपारी बारा वाजून वीस मिनिटं. वेळ लिहून ठेवली आहे, कारण उद्या तू म्हणशील, "ताई, तुझं वय झालं, तुला काहीतरीच आठवतं." त्या मिनिटाला, आईच्या वर्षाच्या जेवणात, साठ पाहुण्यांसमोर तू माझ्या पाम तेलाच्या ओवोच्या रश्श्यात बोट बुडवून चाटलंस. मोठ्यांच्या आधी! आणि पुढच्याच क्षणी अख्खं भांडं अंगणात पाडून किंचाळलीस, "अगं बाई, सुटलंच गं हातातून!"

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर कॉन्सेप्टांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात गरम भांडं कसं धरायचं ते शिकवलं होतं. पुढे चाळीस वर्षं मी ते सहा-सहा वर्षांच्या पोरींना शिकवलं. तू पन्नाशीची, लागोसला दोन-दोन स्वयंपाकिणी बाळगणारी. तुला मात्र जमलं नाही.

मग काय वाढलंस? शहरातून आणलेल्या त्या बाईचा टोमॅटोचा भात. उघेलीत, आपल्या अंगणात, आईच्या नावाने! पहाटे उठून मी उकडलेली केळी कोरडीच राहिली. इसिओमावशी म्हणाली, "एदिरिन, आता केळ्यांवर काय, तुझे अश्रू ओतू?" सगळे हसले. तूही हसलीस.

तुला तरी ओवो येतं का? खाराचा खडा भिजवायचा, वरचं निवळ पाणी घ्यायचं. लाल तेल जाळायचं नाही. त्यात खाराचं पाणी थेंबाथेंबाने सोडत घोटायचं, पिवळंधमक होईपर्यंत. मग धुरावलेला मासा, सुकट, मिरची. खार किती, ते आई थेंब जिभेवर ठेवून ठरवायची. चमचाभर जास्त झाला की चव साबणाची. ती हे शिकवायला हाका मारायची तेव्हा तू आरशासमोर असायचीस. थोरली म्हणून पळी माझ्याकडे आली, ते तुझ्या पोटात दुखतं, असं मी रविवारपर्यंत धरून चालले होते.

रविवारी आईच्या फोटोपुढचा वाडगा उचलला. भांडं पडायच्या आधीच तो मी ओवोने भरून ठेवला होता, हे तुझ्या लक्षात राहिलं नाही. रीतीप्रमाणे घरातल्या सर्वांत मोठीने तो संपवायचा. मावशीने घास घेतला आणि दाराबाहेर थुंकली. "बये, यात केळी बुडवायची की कपडे?" मीही चाखलं. मला काहीच लागलं नाही. जानेवारीतल्या तापापासून मला मीठसुद्धा कळत नाही. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पळी गेली असती.

म्हणून लेखी उत्तर हवं आहे. भांडं सुटलं, की सोडलंस? फोन करू नकोस, फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते. सुटलं असेल तर तू धांदरट आहेस आणि वरचा शब्दन् शब्द कायम. सोडलं असशील, तर ऑगस्टमध्ये तुझ्या लेकीच्या लग्नाचं ओवो मीच घोटीन. तू माझ्या शेजारी उभं राहायचंस, खाराचा थेंब तुझ्या जिभेवर ठेवायचास आणि पुरे झालं की माझ्या कोपराला हात लावायचास. बोलायचं नाही. पत्र शुक्रवार, २२ मे, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. अक्षर नीट काढ.

तुझीच,
एदिरिनताई