तीन पीळ, टोक आत

प्रिय चिमणे,

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट फाडावंसं वाटेल. फाड, पण आधी वाच. सामानाच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाही म्हणून तूच मला पुडीवाली म्हणायचीस, तेवढ्या ओळखीवर लिहिते आहे.

काल दुपारी काय झालं ते आधी सांगते. लेक आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने आणि तीन वर्गमित्रांनी मिळून, हे गेल्यापासून बंद असलेल्या यांच्या मागच्या खोलीत लाकूड कोरायचं यंत्र उभं केलंय. त्याला चार मोटरी. एक पात्याला मागेपुढे नेते, एक डावीउजवीकडे, एक वरखाली, आणि चौथी लाकूडच स्वतःभोवती फिरवते. चार महिने माझ्या ताटाखाली नकाशे होते. त्यांच्यातल्या एकाला सगळे प्रोफेसर म्हणतात. तो म्हणाला, "काकू, तुमचं टेबल दोन मिलिमीटर तिरकं आहे." मी म्हटलं, "वीस वर्षांत त्यावरून वाटाणा घरंगळला नाही, तुझीच मान तिरकी असेल." घरात इतकं हसू यांच्यामागे पहिल्यांदाच आलं होतं.

पातं ज्या रुळावरून सरकतं, त्याच्या टोकाला बारकं बटण असतं, सरकता भाग टेकला की मोटर बंद करणारं. तू फिटरची बायको, तुला मी काय सांगायचं! पण ते नुसत्या हादऱ्यानेही दबायचं आणि यंत्र मध्येच थांबायचं. दुसऱ्या दिवशी सरांना दाखवायचं होतं, सगळे वैतागलेले. लेक म्हणाली, "सरका, माझ्याकडे इलाज आहे," आणि तिने बटणावर तांब्याची तार जोडून टाकली. आता ते दबलं तरी यंत्राला कळणार नव्हतं. मी चहा घेऊन दारातच होते. यंत्र छान चाललं. मग रुळाचं टोक आलं आणि ते थांबलंच नाही. कडाडकन पट्टा तुटला, पातं मोडून उडालं आणि कपाटाच्या दारात रुतलं. प्रोफेसरच्या कानापासून वीतभर. कप माझ्या हातून कधी पडला, ते मला आठवत नाही.

मी वाकून ती तार पाहिली. तीन पीळ, आणि बोटाला टोचू नये म्हणून टोक आत दुमडलेलं. किटलीचा दांडा, कपड्यांची दोरी, सगळं आमचे हे असंच बांधायचे. मी ओरडले, "हे कुणी शिकवलं तुला?"

"बाबांनी," ती म्हणाली. "सुट्टीत कारखान्यात न्यायचे ना मला. फिटरकाका सकाळी बाबांच्या मशीनच्या बटणावरची तार काढायचे, म्हणायचे, मरशील एक दिवस, गाढवा. बाबा हसायचे, आणि काका वळले की परत लावायचे. मला वाटायचं, दोघांचा खेळच आहे."

"मग बाबा त्या मशीनमध्ये सापडून गेले, तेव्हा का नाही बोललीस?"

"तू काकांच्या दारात ओरडत होतीस, आई. बारा वर्षांची होते मी. तुझीच भीती वाटली."

पण चिमणे, खरा धक्का मला तिच्या बोलण्याने नाही बसला. यांच्या अपघाताच्या चौकशीच्या दिवशी त्या मशीनवरची तार टेबलावर ठेवली होती. साहेबांनी विचारलं, "ही कुणी बांधली?" मी ती हातात घेतली होती. तीन पीळ. टोक आत. माझ्या बोटांना ती तार अजिबात टोचली नाही. आणि मी म्हटलं, "फिटरने." भावजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. गेलेल्या दोस्तावर ढकलायचं नाही म्हणून ते गप्प बसले, आणि मी त्यालाच कबुली म्हटलं. त्यांची नोकरी गेली. तुमचा टेम्पो निघाला तेव्हा मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

पोरांनी सरांना खरं काय ते सांगून आठ दिवस मागून घेतलेत. लेकीने तार माझ्या हातात दिली, ती पाकिटात आहे. सोबत कारखान्याला आज पाठवलेल्या अर्जाची नक्कलही आहे, भावजींना वाचून दाखव. माझ्या जबानीत जिथे त्यांचं नाव होतं, तिथे मी यांचं नाव लिहिलंय. लग्नानंतर हे नाव मी कधी तोंडाने घेतलं नव्हतं. काल पहिल्यांदा घेतलं, मोठ्याने, पोरांसमोर.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
पुडीवाली