सोमवारी काकांजवळ कोण?

शुक्रवार, संध्याकाळ. अष्टमी.

भीती वाटते आहे. लिहून कमी होईल का, माहीत नाही.

आमच्या मदत केंद्राचं सरकारी अनुदान अडकलं. सोमवारपासून घरोघरी जाणाऱ्या मदतनीस बंद. केंद्राचे सर म्हणाले, "येईल अनुदान. इतक्यात कुणाला सांगू नकोस."

आणि दुपारी मी पेणला, खाडीकडच्या हिराकाकीच्या घरी. काका लकव्याने अंथरुणात. पाणीसुद्धा मानेखाली हात देऊन, टेकवून बसवून पाजायचं, नाहीतर ठसका लागतो.

काकी खुशीत होती. "मुकादमाला सांगून टाकलंय, सोमवारपासून मिठागरावर येते. नणंदेला पण तिच्या घरी धाडली. तुमची मदतनीस येतेय ना रोज? मग मला काय भ्याव गो!" वर चहा पुढे केला. "पी, सरकारचा नाय, माझा हाय."

मी चहा प्यायले. बोलले काहीच नाही. का? सरांमुळे? की तिचा चेहरा पाहून? गप्प बसणं हेही खोटंच, असं आई म्हणायची.

सोमवारी पाणी कोण पाजणार? काकांनी स्वतःच तांब्या ओढून घेतला तर? मानेखाली हात नसेल.

आत्ता सरांना न विचारता काकीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस, सांगितलंस. आता मी नाय जात कामाला. मग खाऊ काय, ते पण सांग गो."

ती फोन ठेवेना. मीही ठेवला नाही.